चिमीच्या डोळ्यावरचा ठिपका

फोटोग्राफर म्हणून माझी लायकी काय ती आधीच सांगून टाकतो. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात मी तीन तास फोटो काढले. बाजेवाल्याला हटवून काढले, भटजींना थांबवून काढले, आणि घरी येऊन कॅमेरा उघडला तर आत रीळच नव्हता. बायको अजून ते काढते. तेव्हा हे कुणा मोठ्या कलाकाराचं मनोगत समजून वाचू नका.

लिहिणं तर आपल्याला जमतच नाही. चौथीत दोनदा बसलो, मग मास्तरांनीच हात जोडले. हे मी बोलतोय आणि सून लिहून घेतेय. ती ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, अक्कल मात्र माझीच ठेवलीय, तेव्हा चुका माझ्या.

दुकान काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत होतं, मंगला गौरीच्या देवळाकडे जाताना डाव्या हाताला. गिऱ्हाइकं दोन आली की मला बाहेर उभं राहावं लागे, एवढं ते प्रशस्त. अप्पाकाकांनी ते काढलं. मी दुसरीकडे कुठे चालण्यासारखा नव्हतो म्हणून त्यांनी मला हाताशी घेतलं. यात्रेकरू यायचे. खरी गंगा पन्नास पायऱ्या खाली, पण फोटो हवा आमच्या पडद्यावर रंगवलेल्या गंगेपुढे. त्या गंगेत हंस मी काढले होते. नाशिकच्या एक बाई म्हणाल्या, "अहो, ही बदकं बाजूला नाही का करता येणार?"

पण एका कामात माझा हात चांगला होता, आणि तेच काम माझ्या अंगाशी आलं. ते काम डोळ्यांचं. काशीत मरायला आलेल्या पुष्कळ म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा जन्मात फोटो निघालेला नसायचा. मग मणिकर्णिकेला न्यायच्या आधी घरचे मला बोलवायचे. मी फोटो काढायचा, आणि मिटलेल्या पापण्यांवर ब्रशनं उघडे डोळे रंगवायचे. तीन केसांचा ब्रश, जिभेवर ओला करायचा, श्वास रोखायचा, बुबुळ, मग त्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की माणूस बघायला लागतो. एका मुलानं आपल्या आईचा असा फोटो बघून मला विचारलं, "ही अशी रागानं का बघतेय?" मी म्हटलं, बाबा, ते मला काय माहीत, माझी तर तिच्याशी ओळखही नव्हती.

रंगीत फोटो आले तेव्हा नवीन कटकट सुरू झाली. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशनं अंधाऱ्या खोलीत फोटो काढला की डोळे लाल येतात. आमच्या गल्ल्यांतल्या खोल्या भर दुपारीही अंधाऱ्या. मग प्रत्येक लाल डोळ्यावर काळा ठिपका. मी पाण्याचा स्वस्त काळा रंग वापरायचो. लग्नाच्या एका अल्बमात दीडदोनशे डोळे. घरी जेवताना ताटातले वाटाणेही मला डोळेच वाटायचे.

नव्वदनंतर दोनतीन वर्षं झाली असतील. संक्रांत झाल्यावर भास्करच्या चिमीचं बोरन्हाण होतं. भास्कर बँकेत कारकून, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला गजूदादा म्हणायचा. त्याचे वडील नाना, घाटावरचे जुने उपाध्ये, फार कडक. भास्करचा उजवा डोळा काचेचा होता. लहानपणी विटी लागून गेला, असं सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. चिमी सव्वा वर्षाची. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे पडताहेत आणि ती खाली बसून दुसऱ्या पोरांच्या आधी बोरं वेचतेय. मी सात फोटो काढले. रीळ होता.

प्रिंट आले तर बाकीच्या पोरांचे डोळे नेहमीसारखे लाल, आणि चिमीचा उजवा लाल, डावा पांढरा. मांजराचा डोळा बॅटरी मारल्यावर चमकतो तसा. एका फोटोत नव्हे, चार फोटोंत. मी आधी लॅबवाल्याला शिव्या घातल्या, मग फ्लॅशला. मग बसलो ब्रश घेऊन. पांढऱ्यावर काळा रंग धरायला वेळ लागला, दोन हात द्यावे लागले. वर चमकेचा ठिपका दिला. असं काम झालं होतं की मी बायकोला हाक मारून दाखवलं. सुमनवहिनींनी, म्हणजे भास्करच्या बायकोनं, त्यातला एक मोठा करून फ्रेम करून घेतला.

पुढे दोन महिने मी मजेत होतो.

होळीच्या आधी एका धर्मशाळेत डोळे तपासायचं शिबिर लागलं. मला जवळचं धूसर दिसायला लागलं होतं, गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हिंदीत बोलायच्या, मी आपल्या भाषेत सांगतो. त्यांनी माझा धंदा विचारला. मला कुणी हसत नसलं की राहवत नाही. मी म्हटलं, "मॅडम, माझे डोळे राहू द्या, माझ्या फ्लॅशचे तपासा. एका पोरीला त्यानं मांजर केलं. चार फोटोंत एक डोळा पांढरा. रंगवता रंगवता माझा दम निघाला."

त्या माझ्या डोळ्यापुढे भिंग धरून होत्या. ते त्यांनी खाली ठेवलं.

"चारही वेळा तोच डोळा?"

"तोच. डावा."

"केवढी आहे मुलगी?"

"दीडेक वर्षाची."

"एखाद्या फोटोत कोनामुळे असं होतं. चारांत होत नाही. उद्या सकाळी तिला माझ्याकडे आणा."

"उद्या? मॅडम, होळी झाली की आणतो ना."

"उद्या," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या आत पांढरं काही वाढत असेल तर प्रकाश त्याच्यावरून परत येतो. लहान मुलांत कॅन्सरची गाठ असू शकते. ती डोळ्यातून मेंदूकडे जाते. मूल जातं."

चष्मा न घेताच मी निघालो. ब्रह्माघाटापर्यंत येईस्तोवर मला तीन वेळा वाटलं, सांगूच नये. डॉक्टरांना काय, ते घाबरवतातच. पण तो काळा रंग दोन हात द्यावा लागला होता, हे माझ्या बोटांना आठवत होतं.

भास्करच्या घरी पोचलो तर चिमी खिडकीत वाटी आपटत बसली होती. मी सांगितलं तशा सुमनवहिनी हसल्याच. त्यांना पाचवा महिना होता, हळूहळू उठून त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून आणली. "गजूभाऊ, हा बघा. दोन्ही डोळे कसे काळेभोर आहेत. तुमचाच तर फोटो."

"तेच सांगायला आलोय, वहिनी. उजवा तिचा आहे. डावा माझा."

"म्हणजे?"

मी फ्रेमच्या मागचे खिळे उपटले, फोटो बाहेर काढला, कापूस पाण्यात बुडवला आणि डोळ्यावरून फिरवला. महागाचा रंग असता तर निघाला नसता. माझा कंजूषपणा कुणाच्या उपयोगी पडला तो तेवढाच. काळं कापसावर आलं आणि खालून तो पांढरा डोळा वर आला. चिमीची वाटी तेवढी वाजत होती.

नाना म्हणाले, "गज्या, तुझ्या फ्लॅशपायी पोरीला दवाखान्यात न्यायचं?"

सुमनवहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. "आमचं लग्न जमवताना ह्यांचा फोटो तुम्हीच काढून पुण्याला पाठवलात ना? त्यातही दोन डोळे होते."

काचेच्या डोळ्यात चमक मीच भरली होती.

चिमीला दुसऱ्या दिवशी नेलं. डावा डोळा आतून गाठीनं भरला होता. उजव्यात एका कडेला छोटा डाग होता. डावा काढावा लागेल, तोही ह्याच आठवड्यात, आणि उजव्यातला डाग गोठवून मारता येईल, असं बाई म्हणाल्या. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ डोळ्याच्या बाहेर गेली नव्हती. मी बाईंना व्हरांड्यात गाठून विचारलं, "मी जानेवारीत रंगवला नसता तर डोळा वाचला असता?"

त्यांनी सरळ सांगितलं, "माहीत नाही. कदाचित." मग जाता जाता म्हणाल्या, "होळीनंतर आणली असती तर मुलगी वाचली असती का, तेही माहीत नाही."

दुसऱ्या वाक्याला धरून मी बरीच वर्षं झोपलो. पहिलं वाक्य मात्र अधूनमधून उठवतं.

पण खरा घोर पुढे होता. बाईंनी भास्करला आणि नानांना समोर बसवलं. मी दाराशी होतो, कारण मला कुणी जा म्हटलं नव्हतं.

"तुमचा डोळा कसा गेला?" त्यांनी भास्करला विचारलं.

"विटीदांडू खेळताना."

"वय?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांचं मूल विटीदांडू खेळतं?"

नाना मध्येच म्हणाले, "मोठी पोरं खेळत होती. हा मध्ये धावला."

बाईंनी कागदावर सायकल काढली. मला कळेल असं त्यांनी सांगितलं म्हणजे कुणालाही कळेल. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत सूचना लिहिलेल्या असतात, त्यांना जीन म्हणतात. त्यातली एक सूचना ब्रेकचं काम करते: पुरे, आता वाढू नकोस. ह्या ब्रेकच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक. एक तुटला तरी दुसऱ्यावर पेशी थांबते. काही मुलं मात्र जन्मतःच प्रत्येक पेशीत एक ब्रेक तुटलेला घेऊन येतात. डोळ्याच्या पडद्यात लाखो पेशी, बाळपणी त्या भराभर वाढत असतात. त्यांतल्या एकीचा दुसरा ब्रेकही तुटला की ती थांबायचं विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. तीच गाठ.

मी दारातून म्हटलं, "मॅडम, बनारसच्या सायकलीला तर एकही ब्रेक नसतो."

कुणी हसलं नाही. सून विचारतेय हे वाक्य लिहायचं का. लिही. मी म्हटलं होतं.

बाई पुढे म्हणाल्या, चिमीच्या दोन्ही डोळ्यांत आहे, म्हणजे तिचा एक ब्रेक जन्मापासूनच तुटलेला. तो तिच्यातच नव्यानं तुटला असेल तर पोटातल्या बाळाला फारसा धोका नाही. पण भास्करचा डोळा विटीनं नाही, ह्याच रोगानं गेला असेल, तर तो तुटका ब्रेक त्याच्याकडून आलाय, आणि येणाऱ्या बाळाकडेही जाईल की नाही हे अर्धं-अर्धं. नाणं उडवल्यासारखं. रक्त बघून सांगायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. तेव्हा बाळ जन्मलं की पहिल्या आठवड्यात डोळे बघायला हवेत. डाग मधोमध असेल तर एकेक दिवस महत्त्वाचा.

नाना उठले. "विटीच लागली होती. आमच्या घराण्यात डोळ्याचा रोग नाही."

मला हे फोटोच्या भाषेत उमगलं. निगेटिव्हवर ओरखडा असला की त्याच्या प्रत्येक प्रिंटवर ओरखडा येतो, मग तुम्ही प्रिंटवर कितीही रंग लावा. मी आयुष्यभर प्रिंट रंगवणारा माणूस, निगेटिव्हकडे बघायचं सोडून.

आषाढात मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. भास्कर दुकानात आला, उभाच राहिला. म्हणाला, "गजूदादा, नाना म्हणतात सोयर आहे. बारसं झाल्याशिवाय बाळबाळंतीण उंबरा ओलांडणार नाही. तान्ह्याच्या डोळ्यांत औषधं घालायची नाहीत."

"आणि तू काय म्हणतोस?"

"विटी लागली असेल तर उगाच कशाला..." तो थांबला. "मला आठवत नाही रे. मला काहीच आठवत नाही."

तो गेल्यावर मला जे सुचलं ते चार महिने आधी सुचायला हवं होतं. पण माझं डोकं तुम्हाला एव्हाना माहीत झालंय. नानांच्या घरचे सगळे फोटो आमच्याच दुकानातले. भास्करचा डोळा जायच्या आधीचा फोटो असणारच! मी माळ्यावर चढलो. अप्पाकाकांच्या जुन्या निगेटिव्हचे डबे, वर त्यांच्या अक्षरात नावं, आत झुरळं आणि बुरशी. दिवसभर शोधलं. एका डब्याला धक्का लागून निगेटिव्हच्या बारा काचा फोडल्या, त्यात कुणाकुणाचे आजे होते देव जाणे. संध्याकाळी डबा सापडला. नानांचं नाव, खाली 'चि. भास्कर, वर्ष पहिले'.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. बुबुळाचा मधला काळा भाग तिथे स्वच्छ काचेसारखा दिसायला हवा. डावा तसा होता. उजव्यावर भिंग धरलं तर बारीक रेघा. पात्यानं खरवडल्याच्या. कडेकडून आत, गोल गोल. ती पद्धत मी ओळखली, कारण अप्पाकाकांनी मला तीच शिकवली होती. प्रिंटमध्ये पांढरा येणारा डोळा काळा करायचा तर निगेटिव्ह असंच खरवडतात. कडेला थोडा काळा डाग राहून गेला होता. तिथे काकांचा हात जरा कमी पडला होता.

म्हणजे पहिल्या वाढदिवसालाच तो डोळा पांढरा होता. विटी नंतर वर्षभरानं लागणार होती.

दुसऱ्या दिवशी, बाळाच्या चौथ्या दिवशी, मी सकाळीच गेलो. नाना दारातच म्हणाले, "आत सोयर आहे, लांब राहा."

मी निगेटिव्ह त्यांच्या पुढ्यात पाटावर ठेवलं. "नाना, उजेडाकडे धरून बघा."

"काय आहे?"

"भास्करचा पहिला वाढदिवस. उजवा डोळा अप्पाकाकांनी खरवडलाय."

त्यांनी ते उचललं. धरलं खिडकीकडे. मला वाटलं आता फेकतील, आणि दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. मी इतका शहाणा की पुरावा आरोपीच्या हातात देऊन बसलो.

पण त्यांनी हात खाली केला नाही. मग म्हणाले, "अप्पाला मीच सांगितलं होतं. पोराच्या आजोळी फोटो पाठवायचा होता."

आतल्या दारात भास्कर उभा होता. "नाना, विटी?"

"विटी नव्हती." नानांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "लखनौला नेऊन डोळा काढला. डॉक्टर म्हणाले, गाठ होती, काढली, मूल वाचलं. वाचलास ना? मग कशाला सांगायचं? तुला मुलगी कोण देणार होतं?"

"मी दिली गेलेच की," आतून सुमनवहिनींचा आवाज आला. "भास्करराव, बाळाला गुंडाळा. मी चप्पल घालते."

"सुनबाई, चौथा दिवस आहे," नाना म्हणाले.

"आज चौथा आहे म्हणूनच."

वहिनींना चालवत नव्हतं. आमच्या गल्लीत सायकलरिक्षाही येत नाही. मी आणि शेजारच्या दुधवाल्यानं त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून उचललं, बाळ त्यांच्या मांडीवर. पुढचे पाय मी धरले होते. तिसऱ्याच वळणावर मी शेणावरून घसरलो आणि खुर्ची टेकली. "गजूभाऊ," त्या म्हणाल्या, "आता तेवढं पाडू नका." ऑपरेशननंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. मागे वळलो तर नाना काठी टेकत येत होते, आणि पुढून येणाऱ्या माणसांना "हटो, हटो भैया" म्हणत बाजूला करत होते. सोयरातला माणूस, चार जणांना शिवला असेल.

बाईंनी बाळाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि वहिनींना घेऊन आत गेल्या. मी, भास्कर आणि नाना बाहेर बाकावर. थेंब चढायला अर्धा तास, मग तपासणी. बाळ रडलं की भास्कर उठायचा, थांबलं की बसायचा. थांबायचं तेव्हा जास्त भीती वाटायची. नाना एकदाही टेकून बसले नाहीत. मला एकसुद्धा विनोद सुचला नाही, आणि सुचला असता तर मी स्वतःच माझ्या थोबाडीत मारली असती.

दार उघडलं. बाई म्हणाल्या, "आहे."

नानांनी डोळे मिटले.

"डाव्या डोळ्यात एकच. मोहरीपेक्षा लहान, आणि कडेला. उजवा आज साफ आहे. दोनतीन दिवसांत जाळून टाकू. नवे डाग येऊ शकतात, म्हणून दर महिन्याला यायचं, काही वर्षं. चुकवायचं नाही. पण इतक्या लवकर आलात, दोन्ही डोळे राहतील असं मला वाटतं."

भास्करनं रुमाल काढला आणि डावा डोळा पुसला, पुन्हा पुसला. उजवीकडून, काचेच्या डोळ्याखालून पाणी गालावर आलं, हनुवटीवरून शर्टावर पडलं, ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. मी खुणेनं सांगितलं, इकडचंही पूस. त्या डोळ्यात चमक कुठे द्यायची हे मला पाठ होतं. त्यातून पाणी येतं हे मला माहीत नव्हतं.